फोन उचलल्यावरचं पहिलं वाक्य

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील ‘माझं काम, माझा अनुभव’ या सत्रात केलेलं भाषण)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. मी संगणक अभियंता, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन अशी बहुतेकांची समजूत दिसते. मघाशी चहाच्या वेळी तिघांनी विचारलंसुद्धा, की आता आमच्या मुलांच्या नोकऱ्यांचं काय होणार! त्यावर जेवताना बोलू. आज मला वेगळंच सांगायचं आहे. रुग्णालयात शिकत असलेले तरुण डॉक्टर, म्हणजे इंटर्न आणि निवासी डॉक्टर, कामात अडले तर वरिष्ठांची मदत मागतात का, आणि मागत नसतील तर का मागत नाहीत, याबद्दल.

हा विषय माझ्यासारखीने का घ्यावा? एक तर आपल्या वर्गातले सहा जण डॉक्टर झाले आणि त्यातल्या चौघांच्या हाताखाली आज शिकाऊ डॉक्टर आहेत. आपल्यापैकी तिघांची मुलं सध्या इंटर्नशिप किंवा रेसिडेन्सी करताहेत. दुसरं म्हणजे गेली अठरा वर्षं मी रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवते आहे. आणि तिसरं, खरं कारण असं, की या विषयात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगते.

रक्ततपासणीचा निकाल लॅबमधल्या यंत्रातून निघतो तिथपासून तो वॉर्डातल्या संगणकावर दिसेपर्यंत मधे जे काही घडतं, ते आमचं काम. साधारण अकरा वर्षांपूर्वी एका मोठ्या रुग्णालयात आमची यंत्रणा नुकतीच बसवली होती. रात्रपाळीला आमचा एक मुलगा असायचा. नोकरीला लागून चारच महिने झालेले, पण हुशार आणि कामसू. एका रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं, की निकाल पुढे सरकत नाहीत, रांगेत साचताहेत. त्याने यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली. एकदा केली, दोनदा केली, तीनदा केली. मला फोन केला तो पाच वाजून चाळीस मिनिटांनी. सर्व्हरची डिस्क भरली होती. मी घरूनच जागा मोकळी केली आणि दहा मिनिटांत अडकलेले सगळे निकाल वॉर्डांत पोचले. दहा मिनिटांचं काम साडेतीन तास अडून राहिलं होतं.

मी त्याला विचारलं, “दोन वाजताच फोन का नाही केलास?” तो गप्प. दुपारी कॅन्टीनमध्ये हळूच म्हणाला, “मॅडम, मागे एकदा केला होता.”

मग मला आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी रात्री एक वाजता त्याचा फोन आला होता. माझी मुलगी तापाने फणफणली होती आणि नुकती कुठे झोपली होती. मी त्याला म्हणाले होते, “आधी लॉग वाचलास का? एवढ्यासाठी उठवलंस?” बस, इतकंच. आवाजही चढवला नव्हता. मी ते वाक्य फोन ठेवल्याबरोबर विसरले. त्याच्यासाठी मात्र तो नियम झाला, की मॅडमना रात्री उठवायचं नाही.

आता त्याच रात्री त्या रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात काय चाललं होतं ते ऐका. पहिल्या वर्षाचा एक निवासी डॉक्टर ड्युटीवर होता. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या एका आजोबांचं रक्त त्याने एक वाजता तपासणीला पाठवलं होतं. तो पुन्हा पुन्हा संगणकापाशी जाऊन बघत होता. निकाल काही दिसत नव्हता. लॅबमध्ये निकाल तयार होता. पोटॅशियम ६.८. निरोगी माणसाचं ते साधारण साडेतीन ते पाचच्या दरम्यान असतं. इतकं वाढलं की हृदयाचे ठोके केव्हाही बिघडू शकतात. धोक्याचा आकडा आला की वॉर्डाला फोन करायचा, ही लॅबची जुनी पद्धत. पण आमची यंत्रणा आल्यापासून ती मागे पडली होती, कारण स्क्रीनवर लाल अक्षरांत दिसेलच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. चारच्या सुमाराला लॅबमधल्या तंत्रज्ञ ताईंच्या लक्षात आलं, की वॉर्डाने निकाल पाहिल्याची खूण पडलेली नाही. त्यांनी फोन उचलला. आजोबांना लगेच औषधं मिळाली, सकाळी डायलिसिस झालं आणि आठवड्याने ते चालत घरी गेले. ते वाचले त्या ताईंमुळे. त्यात माझा वाटा शून्य.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. विभागप्रमुखांनी त्या मुलाला विचारलं, “निकाल दिसत नव्हता तर लॅबला फोन का केला नाहीस? निदान तुझ्या सिनियरला तरी विचारायचं.” तो म्हणाला, “सर, मला वाटलं मलाच ती स्क्रीन नीट वापरता येत नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, एवढंही येत नाही का.”

मी खाली बघत बसले होते. एकाच रात्री दोन मुलं दोन इमारतींत जागी होती. बिघाड आमचा होता, आणि दोघांनाही वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय. दोघंही झोपलेल्या वरिष्ठांना घाबरून बसली होती. आणि त्या झोपलेल्यांपैकी एक मी होते.

खरं तर हे मला आपल्याच शाळेत एकदा शिकवलं गेलं होतं. गणिताच्या बाई, तुम्ही समोर बसला आहात, तुम्हाला आठवेल की नाही कोण जाणे. आठवीत बीजगणित सुरू झालं तेव्हा तुम्ही विचारायचात, “कोणाला समजलं नाही? हात वर करा.” एकही हात वर जायचा नाही. एकदा मागच्या बाकावरच्या एकाने केला तर सगळा वर्ग हसला. (तो इथे आहे. आज त्याचा स्वतःचा कारखाना आहे, आता हसा!) दुसऱ्या दिवसापासून तुम्ही प्रश्नच बदललात. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी दिलीत आणि म्हणालात, “कितव्या पायरीवर अडलात तो आकडा लिहा. नाव लिहू नका.” चिठ्ठ्या उघडल्या तर निम्म्याहून अधिक वर्गाने तीन लिहिलं होतं. सगळे एकाच पायरीवर अडले होते आणि प्रत्येकाला वाटत होतं, फक्त मलाच येत नाही.

आता जिथे शेवट चांगला झाला नाही, अशी एक घटना सांगते. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातली. मी तिच्याबद्दल वाचायला लागले, कारण त्यात रुग्णालयाची संगणकयंत्रणा बंद पडल्याचा उल्लेख होता. १८ फेब्रुवारी २०११ रोजी जॅक ॲडकॉक नावाचा सहा वर्षांचा मुलगा उलट्या, जुलाब आणि श्वासाचा त्रास होतो म्हणून तिथल्या रुग्णालयात दाखल झाला. त्याला डाउन सिंड्रोम होता, हृदयाचा विकारही होता. ड्युटीवर होत्या डॉ. हदिझा बावा-गार्बा. बालरोगाचं प्रशिक्षण घेणाऱ्या, बाळंतपणाच्या मोठ्या रजेनंतर नुकत्याच कामावर परतलेल्या. माणसं कमी होती. त्या दिवशीचे वरिष्ठ तज्ज्ञ दुपारपर्यंत दुसऱ्या शहरात शिकवायला गेले होते. संगणक बंद पडल्यामुळे सकाळी पाठवलेल्या रक्ताचे निकाल हातात यायला दुपारचे चार वाजून गेले. साडेचारच्या सुमाराला वरिष्ठ आले. कामाची देवाणघेवाण झाली, त्यात जॅकचे बिघडलेले आकडेही सांगितले गेले. वरिष्ठांनी ते आपल्या वहीत टिपूनसुद्धा घेतले. पण “तुम्ही या मुलाला येऊन बघा” असं त्यांनी म्हटलं नाही, आणि वरिष्ठही आपणहून बघायला गेले नाहीत. त्या रात्री जॅक गेला. जंतुसंसर्ग त्याच्या सगळ्या शरीरात पसरला होता.

उपचारात गंभीर चुका झाल्या होत्या. २०१५ मध्ये त्या डॉक्टर गंभीर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल दोषी ठरल्या. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकण्याचा निकाल लागला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. त्यावरून जगभरच्या डॉक्टरांमध्ये मोठा वाद झाला. एका आईबापांचं मूल गेलेलं असताना कोण किती दोषी, हे इथे बसून ठरवणं मला शोभणार नाही. माझं मन एकाच जागी अडतं. आकडे बोलले गेले, ऐकले गेले, लिहिलेही गेले. मदत मात्र मागितली गेली नाही, आणि न मागता दिलीही गेली नाही.

मदत मागणं म्हणजे नेमकं काय, यासाठी वैद्यकीय क्षेत्रात आज एक साधी चार वाक्यांची पद्धत वापरतात. मुळात ती अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आलेली. पहिलं वाक्य, आत्ता काय घडतंय. दुसरं, आधी काय झालं होतं. तिसरं, मला काय वाटतं. चौथं, मला तुमच्याकडून काय हवं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, “सर, बारा नंबरच्या आजींचं ब्लड प्रेशर उतरतंय. कालच ऑपरेशन झालंय. मला आतून रक्तस्राव होत असावा असं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघाल का?” झालं. वीस सेकंदांचं काम.

पहिली दोन वाक्यं सगळ्यांना जमतात. तिसरं म्हणायला धीर लागतो. चौथं घशातच अडकतं. आपल्याकडे तर जास्तच, कारण मोठ्यांना काम सांगायचं नसतं हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेलं असतं. मग निवासी डॉक्टर फोनवर म्हणतो, “सर, फक्त कळवायचं होतं.” सर अर्धवट झोपेत म्हणतात, “बरं, लक्ष ठेव.” आणि दोघांनाही वाटतं की आपलं काम झालं.

तरुणांना “अरे, विचारत जा, लाजू नका” हे सगळेच सांगतात. दीक्षारंभाच्या भाषणात सांगतात, भिंतीवर फलक लावतात. त्याचा काही उपयोग होत नाही, असं माझं अनुभवाअंती मत झालं आहे. विचारण्याची हिंमत त्या पोराच्या अंगात असते किंवा नसते, असं नाहीच. मागच्या वेळी फोन उचलल्यावर समोरून पहिलं वाक्य काय आलं, त्यावर ती ठरते. आणि ते वाक्य आपल्या हातात आहे, कारण आता आपण मोठे आहोत. पंचेचाळिशीत आपण फोन करणाऱ्यांतले राहिलो नाही, ज्यांना फोन येतो त्यांच्यातले झालो.

त्या घटनेनंतर मी एक गोष्ट ठरवली. रात्री कुणाचाही फोन आला की पहिलं वाक्य एकच, “बरं केलंस फोन केलास. सांग.” मग ते कितीही क्षुल्लक निघो. चुकलं असेल तर दुसऱ्या दिवशी, एकट्याला बोलावून समजावायचं. सुरुवातीला हे वाक्य माझ्या तोंडून अक्षरशः पाठ केल्यासारखं यायचं. एकदा तर घरचा फोन आला तरी तेच म्हणाले! पहिले दोन महिने फोन वाढले, खोटं कशाला सांगू. मग आम्ही प्रत्येक फोनची एका वहीत नोंद करायला लागलो, की काय अडलं होतं आणि काय केल्यावर सुटलं. तेच तेच प्रश्न दिसले, त्यांची उत्तरं लिहून भिंतीवर लावली. फोन आपोआप कमी झाले. जे उरले ते खरोखर उठण्याजोगे होते.

माझे डॉक्टर मित्र यावर काय म्हणतील ते मला माहीत आहे, कारण दोघांशी माझा यावर वाद झालेला आहे. पहिला म्हणाला, “आम्ही असेच शिकलो. सगळं विचारून करायला लागले तर यांना स्वतःहून निर्णय घेता कधी येणार?” मुद्दा खरा आहे. त्याचं उत्तर त्या तिसऱ्या वाक्यात आहे. “तुला काय वाटतं?” हे आधी विचारा. तो चुकीचं बोलला तरी बोलू द्या. मग तुम्ही जाऊन शेजारी उभे राहा आणि हात त्याचाच चालू द्या. एरवी तो एकटा चाचपडत जे शिकेल, त्याची किंमत कॉटवरचा माणूस मोजतो.

दुसरी म्हणाली, “आम्हीही माणसं आहोत. दिवसभर ओपीडी, ऑपरेशनं, वर रात्री दर तासाला फोन.” हेही खरं आहे. म्हणून उठवायचं की नाही, हा निर्णय एकट्या पोरावर टाकू नये. तो नियमावर टाकावा. ब्रिटनमध्ये २०१२ पासून प्रौढ रुग्णांसाठी गुणांची एक पद्धत आहे, २०१७ मध्ये ती सुधारली. श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सहा गोष्टींना गुण द्यायचे. वरून ऑक्सिजन लावलेला असेल तर त्याचे आणखी गुण. बेरीज पाच झाली की तातडीने डॉक्टरांनी बघायचं, सात झाली की आणीबाणी समजून अनुभवी पथकाला बोलवायचं. यातली गंमत बघा. गुण सात झाले तर फोन करणारा भित्रा किंवा अडाणी ठरत नाही. तो नियम पाळतो. आमच्या धंद्यात आम्ही हेच करतो. निकाल दहा मिनिटं अडकला की यंत्रणाच मला उठवते. माझ्या मुलाला आता धीर गोळा करत बसावं लागत नाही. तुमच्या वॉर्डात असं मोठं काही नसलं तरी चालेल. एका कागदावर लिहा, या पाच गोष्टींपैकी काहीही झालं तर मला उठवायचंच, आणि खाली तुमची सही करा. सही महत्त्वाची.

आणखी एक शब्द सांगते. आमच्याकडे मोठा बिघाड झाला की नंतर जी चर्चा होते तिला आम्ही पोस्टमॉर्टेम म्हणतो. माणूस मेलेला नसतो, तरी! त्या चर्चेत “कोणी केलं” हा प्रश्न विचारायचा नाही, “हे घडू कसं शकलं” एवढंच विचारायचं, असा दंडक आहे. आमच्या त्या रात्रीच्या चर्चेत मी पहिल्यांदा माझं ते एक वाजताचं वाक्य सगळ्यांसमोर सांगितलं. जड गेलं. पण त्यानंतर तो मुलगा पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला.

मदत फक्त रुग्णासाठीच लागते असंही नाही. सलग ड्युटी करून पाय सुजलेला, चार दिवस घरी न बोललेला, वॉर्डात कोणी दगावल्यावर दोन मिनिटं रडायलाही वेळ न मिळालेला मुलगा स्वतःसाठी कोणाकडे जाणार? २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली, की निवासी डॉक्टरांचं काम आठवड्याला ७४ तासांच्या वर जाऊ नये आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी. ७४ ही कमाल मर्यादा सुचवावी लागते, यावरून प्रत्यक्षात काय चालत असेल त्याचा अंदाज घ्या. ज्यांची मुलं या शिक्षणात आहेत त्यांना माझी विनंती आहे. फोनवर “पेशंट किती बघितलेस” हे विचारण्याआधी “झोपलास किती” हे विचारा. आणि टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्याकडे असू द्या. तिथे दिवसरात्र कधीही बोलता येतं.

आणि जे डॉक्टर नाहीत, डॉक्टरांचे आईवडीलही नाहीत, त्यांचा या सगळ्याशी काय संबंध? आहे. आपण रुग्णाचे नातेवाईक असतो. पुढच्या वेळी रात्री वॉर्डातला एखादा तरुण डॉक्टर म्हणाला, “थांबा, मी मॅडमना विचारून सांगतो,” तर “याला काही येत नाही, दुसरा डॉक्टर बोलवा” असं म्हणू नका. त्याला म्हणा, “विचारा, आम्ही थांबतो.” माझ्या वडिलांच्या आजारपणात मी हे एकदा म्हणाले. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा ताण क्षणात उतरलेला मी पाहिला.

बाई, तुमच्या त्या चिठ्ठ्यांचं महत्त्व कळायला मला माझ्या हातून साडेतीन तास वाया जावे लागले. तेव्हा नाही म्हटलं, आज म्हणते. प्रश्न बदललात, फार बरं केलंत.

समितीचे अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा थांबते. आपल्या डॉक्टर मंडळींपैकी दोघं आज रात्री ऑन कॉल आहेत, मला ठाऊक आहे. मघापासून त्यांचे मोबाइल पालथे ठेवलेले आहेत. मित्रांनो, गप्पा रंगात आलेल्या असताना तो वाजेल. जेवणाचं ताट हातात असेल. तेव्हा पहिलं वाक्य काय म्हणायचं, एवढं फक्त लक्षात ठेवा. पलीकडे कोणाचं तरी पोर एकटं उभं आहे.